अर्ध्या क्लचवर

ताईने इंजिनाचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. क्लच पुन्हा जळला होता. प्लेटा झिजून गुळगुळीत, लोखंडी चकत्या तापून निळ्या पडलेल्या, आणि तेलाला तो नेहमीचा करपट वास. एक चकती फडक्याने पुसून तिने धाकट्या भावासमोर धरली.

"गेल्या हिवाळ्यात नवी घातली होती ही."

"चढच तसा आहे, ताई."

"नाचता येईना, अंगण वाकडं! पाणीवाल्याची एटीव्ही त्याच चढावर चालते ना? तिच्या क्लचला चौथं वर्ष आहे."

भाऊ बाकावर बसला होता, भिंतीला डोकं टेकून. तशाच चार जाड चाकांच्या गाडीवरून तो दिवसभर डोंगरावरच्या घरांना सामान पोचवायचा. दुसरं काही त्या वाटेने चढत नसे. सगळ्यात वरच्या घरात तो आणि अंथरुणाला खिळलेली आई, अशी दोघंच.

"किती टिकायला हवा मग?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"हात नीट असला तर वर्षानुवर्षं. इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, असं झालं की बदलायचा. आणि तुझ्यासारखा अर्ध्या क्लचवर चालवणारा भेटला, तर सहा महिने म्हणजे डोक्यावरून पाणी. धरायचा तर पूर्ण धर, सोडायचा तर पूर्ण सोड. बाबांनी दोघांना एकदमच शिकवलं होतं."

त्याने नुसती मान हलवली, त्यामुळे ताईला जास्तच राग आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. ती स्वतःही दमलेलीच होती. बाबांच्या मागे गॅरेज तिच्या गळ्यात पडलं आणि आई त्याच्या. वाटणी अशी कुणी केली नव्हती, आपसूक होऊन बसली होती. एखाद्या रविवारी ती वर जायची, आईचे केस विंचरायची, चादरी बदलायची आणि ऊन उतरायच्या आत खाली यायची. येताना दर वेळी हायसं वाटायचं आणि त्याची लाजही वाटायची.

दुपार कलताना नवा क्लच बसला. हात धुऊन ती म्हणाली, "चल, मी मागे बसते. तू चालवतोस कसा तेच एकदा बघू दे."

"कशाला उगाच? दमशील."

"मुकाट्याने बस पुढे."

आणि त्याने गाडी अशी चालवली की ताईला कुठे बोट ठेवायला जागा राहिली नाही. गिअर लोण्यासारखे पडत होते. खड्ड्यांतून, सुट्या दगडांवरून तो गाडीला अलगद काढत होता. बाबांनी मान डोलावली असती.

शेवटच्या वळणावर, घराच्या जरा खाली, गाडी थांबली. ब्रेक लावला नव्हता. गिअर तसाच होता. त्याने क्लच अर्धा धरला, रेस थोडी वाढवली, आणि गाडी भर चढावर जागच्या जागी घोंगावत राहिली.

"अरे, ब्रेक लाव! न्यूट्रल कर! आत्ताच घातलाय मी तो!"

"हळू बोल ना, ताई."

"का?"

"न्यूट्रल केली की आईला कळतं." त्याने वरच्या खिडकीकडे पाहिलं. "चढणाऱ्या इंजिनाचा आवाज वेगळा येतो. तिचे कान तुला माहीत आहेत."

ताईला चांगलेच माहीत होते. वर लेकाकडे राहायला जाईपर्यंत आईने उभं आयुष्य गॅरेजच्या माडीवर काढलं होतं. खाली गाडी सुरू झाली की चुलीपुढून ओरडायची, "कार्बोरेटर साफ करा म्हणावं!" आता तिला वार आठवत नव्हता, जेवलेलं आठवत नव्हतं. कान मात्र शाबूत होते.

"आवाज थांबला म्हणजे मी आलो. मग हाका सुरू. उचल, बसव, निजव, पाणी दे, कोण आहेस तू. पहाटेपर्यंत." तो हँडलवर वाकला. "गाडी चढतेय तोवर गप्प असते. वाटतं तिला, लेक येतोय. तेवढंच मी इथे बसतो. रोज. मी वाईट आहे का गं?"

ज्याच्या-त्याच्यापाशी ताईने या भावाच्या हाताला नावं ठेवली होती. नव्या प्लेटांचा करपट वास यायला लागला होता. सवयीने तिचा हात पुढे, ब्रेककडे गेला. तो तिने मागे घेतला आणि खाली उतरली.

"तू बस," ती म्हणाली. "मी जाते वर. आज मी आहे."

तिने हलकेच दार ढकललं. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. डोळे मिटलेले, कान बाहेर.

"कोण?"

"मी, आई. तो येतोय मागून. चढ मोठा आहे ना, वेळ लागतो."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग हाताने चाचपत तिने लेकीचं मनगट धरलं.

"चढत नाहीये तो," ती कुजबुजली. "क्लचवर धरून बसलाय. रोज बसतो. बसू दे जरा. हाक मारू नकोस."