एकाच मापाचे दोन फोटो

"जेवढं उरलंय तेवढंच स्वच्छ करा. काही बदलू नका," सिरवार्तबाई म्हणाल्या.

गुरुदत्तने फोटो दिव्याखाली धरला. शंभर वर्षांहून जुना. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, शेजारी तुर्की शिपाई. शिपायाचा चेहरा कुणीतरी सुईने खरवडून काढला होता. उरला होता फक्त एक कान.

"चेहरा नाही येणार, मॅडम."

"चेहऱ्याचं राहू द्या. ही माझी आजी. याने तिच्या वडिलांना मारलं, दोन्ही भावांना मारलं आणि तिला उचलून नेलं. तुर्कांनी आम्हा आर्मेनियन लोकांना मारलं, वाळवंटात हाकललं, त्याचे पुरावे आम्ही जमवतोय."

मग त्यांनी दुसरा फोटो काढला. पांढऱ्या मिशांचे आजोबा, मांडीवर फ्रॉकमधली छोटी सिरवार्त.

"हे आजोबा. घरात सगळे म्हणतात, यांनीच आजीला वाळवंटातून वाचवलं. दोन्ही शेजारी-शेजारी छापा. एकाच मापात."

सिरवार्तबाई आखातातल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीत पियानो शिकवायच्या. गुरुदत्तची मुलगी अस्मिता त्यांच्याकडेच शिकली. त्यामुळे त्याच शहरात, वादी अदाईतल्या आपल्या स्टुडिओत त्याने हे काम अगदी मनापासून हातात घेतलं.

तसा गुरुदत्तचा हात भलताच कनवाळू. दादरला काकांच्या स्टुडिओत तो एक गोष्ट शिकला होता: गेलेल्या माणसाच्या फोटोत व्यंग ठेवायचं नाही. तिरळा डोळा सरळ करायचा, पडलेला दात बसवायचा, मगच हार. घरचे खूश होतात आणि मेलेला तक्रार करायला येत नाही.

दोन्ही फोटो त्याने स्क्रीनवर मोठे केले आणि पुन्हा-पुन्हा कानांकडे पाहिलं. शिपायाच्या कानाची पाळी मधोमध फाटलेली होती. आजोबांचीही. अगदी तशीच.

त्याने बायकोला हाक मारली. कल्पनाने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! ज्याने घर संपवलं, त्याच्याशीच संसार?"

"आणि या त्याच्याच मांडीवर वाढल्या."

"सांगू नका हो त्यांना. सत्तरीची बाई, कोसळतील. पाळी भरून टाका."

गुरुदत्तने शिपायाची पाळी भरली. जोड कुठे दिसेना. मग मूळ फोटो घेऊन त्याने ब्लेडने तेवढा कान खरवडला. इतक्या ओरखड्यांत आणखी एक कोण मोजतोय? स्कॅनही पुसून टाकला. फार दिवसांनी एखादं पुण्य केल्यासारखं त्याला हलकं वाटलं.

सिरवार्तबाई आल्या. दोन्ही प्रिंट त्यांनी काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग मूळ फोटो मागून घेतला.

"इथे कान होता."

"कागद जुना, मॅडम. झडला," गुरुदत्त नजर चुकवत म्हणाला.

त्या स्टुलावर बसल्या. दोन्ही हातांत तो फोटो तसाच.

"चेहरा आजीनेच खरवडला होता," त्या म्हणाल्या. "कान तेवढा आमच्यासाठी ठेवला होता."