अडतीस शिक्के

बसमधून उतरता उतरता बुन-सुन आजींनी पहिला प्रश्न विचारला, तो नेमका नको असलेला. इथल्या बाया कालवं कुठे बसून फोडतात?

गी-सोकने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गेली नऊ वर्षं तो दालपो गावाचा प्रमुख होता. आज घरटी एक अशी अडतीस माणसं घेऊन तो शेजारच्या हेरिमला आला होता. हेरिमने कशी कात टाकली ते पाहायचं आणि पटलं तर आपल्या योजनेवर सहीच्या जागी घरोघरचे नावाचे शिक्के द्यायचे, असं गावात ठरलं होतं. धक्क्यावरच्या कालवं फोडायच्या शेड पाडायच्या, तिथून समुद्रात काचेचा पूल काढायचा, घरांना निळी छपरं घालायची. मग पर्यटक येतील. शहरात गेलेली मुलंही त्यांच्यामागून परततील.

शिक्के मात्र देऊन झाले होते. तालुका कचेरीची मुदत सोमवारी संपत होती आणि बस मिळाली गुरुवारची. गावातल्या सगळ्यांचे शिक्के पहिल्यापासून प्रमुखाच्याच खणात असत. खताचा अर्ज असो, म्हातारपणाची पेन्शन असो, गी-सोक खण उघडायचा आणि ठप्पा मारून मोकळा व्हायचा. कुणी कधी विचारलं नव्हतं. सोमवारी त्याने तेच केलं. लाल शाईत बुडवून एकामागून एक अडतीस, आणि कागद कचेरीत देऊन आला. हेरिम पाहिल्यावर लोक आपणहून हो म्हणतील, मग आधी काय नि नंतर काय, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता.

हेरिमच्या प्रमुख बे सुक-रे बाई त्यांना घेऊन फिरल्या. निळी छपरं खरोखरच देखणी होती. जुन्या बर्फाच्या कारखान्यात कॉफीचं दुकान होतं. इथल्या काचेच्या पुलावर जाण्याआधी सगळ्यांना बुटांवर चढवायला कापडी पिशव्या मिळाल्या, काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून. चाळीस वर्षं होडी चालवलेल्या चोन-दोकने खाली वाकून पाहिलं. एवढा जन्म या पाण्यावर गेला, आता तेच पाणी पायात पिशव्या घालून बघायचं राहिलं होतं, असं तो म्हणाला. बाया पोट धरून हसल्या. गी-सोकही हसला. माणसं खुशीत होती.

त्याने वाहनतळाकडे बोट केलं. आडदिवस असूनही सात बस उभ्या होत्या. बघा, तो म्हणाला, याला म्हणतात गाव वर येणं.

बुन-सुन आजी तिकडे बघत राहिल्या. त्या सत्तराव्या वर्षी अक्षरं शिकल्या होत्या, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचत. प्रत्येक बसच्या पुढच्या काचेखाली कापडी फलक होता. सोंगदे गाव, अभ्यास सहल. मुरे किनारा, अभ्यास सहल. एकेक करत त्यांनी सातही फलक वाचले. सातवा दालपोचा होता.

गी-सोकने बे बाईंना बाजूला घेतलं आणि पर्यटक कुठे आहेत ते विचारलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात झुंबड उडाली होती. लोकांनी फोटो काढले आणि गेले. पुढच्या वर्षी आसपासच्या तीन गावांनी असेच पूल बांधले, त्यातला एक तर याच्या दुप्पट लांब. आता येतात ते पूल बांधायचा विचार करणारेच. शेड तर सगळ्यात आधी पाडल्या. दोघी-तिघी बाया तिकिटं फाडतात, बाकीच्या घरी बसून असतात. एवढं सांगून बाई नव्या बसच्या स्वागताला गेल्या.

बुन-सुन आजी मागेच उभ्या होत्या.

"गी-सोक, माझा शिक्का दे इकडे," त्या म्हणाल्या. "मला घरी बसायचं नाही."

आजींमागून दुसरा हात पुढे आला, मग तिसरा. शिक्क्यांची पिशवी गी-सोकने बरोबर आणलीच होती. सगळे हो म्हणाले की त्यांच्यादेखत दुसऱ्याच एका कागदावर ठप्पे मारून दाखवायचे, असा त्याचा बेत होता. आता तो नावं वाचून एकेक शिक्का परत करू लागला. कुणी तो रुमालाच्या गाठीत बांधला, कुणी आतल्या खिशात टाकला. चोन-दोक म्हणाला, आपला प्रमुख सरळ माणूस आहे, आधी आणून दाखवलं तरी. दुसरा असता तर शिक्के मारून मोकळा झाला असता. आजींनीही मान डोलावली आणि गी-सोकच्या हातात भाजलेल्या माकूळ माशाचा तुकडा ठेवला.

तो चावत गी-सोक विचार करत होता. उद्या कचेरी उघडायच्या आत दारात जाऊन उभं राहायचं. कारकुनाचे पाय धरायचे, पण कागद परत आणायचा. कुणाला कळायचंही कारण नाही. बस सुरू झाली तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बे बाई धावत आल्या आणि निरोप द्यायला पायरीवर चढल्या. त्यांनी साऱ्या बसला कमरेतून वाकून नमस्कार केला.

"आत्ताच कचेरीतून फोन आला. पुढच्या महिन्यात आमची सहल तुमच्याकडे ठरली आहे," त्या मनापासून म्हणाल्या. "आमच्याकडे दोन वर्षं भांडणं झाली, भाऊ भावाशी बोलेना. आणि तुमच्या अडतीसच्या अडतीस घरांनी सोमवारी एका दिवसात शिक्के दिले म्हणे. ते कसं जमलं, तेवढं आम्हाला शिकवा."