आनेझ्काची धून

“सुंदर आहे रे, प्रोकोप,” सरकार म्हणाले, “पण एवढं रडकं कशाला? जरा जलद कर. संत कातेरिनेच्या सणाला नाचायला काहीतरी नवं हवंच आहे.”

प्रोकोप व्हायोलिन काखेत धरून उभा होता. अंगात गढीचा निळा डगला, कारण वाजवून झालं की त्यालाच जेवणघरात जाऊन सूप वाढायचं होतं. गढीच्या चाकरीतला वादक असाच, अर्धा वादक आणि अर्धा वाढपी. त्यानं काही नवं रचलं की ते आधी सरकारांच्या कानावर घालायचं, मग बाहेर वाजवायचं, हा करारच होता. म्हणून तर तो आज ही धून घेऊन आला होता. एरवी तिचा न् सरकारांचा काय संबंध? ती आनेझ्काची होती. पोर गेली त्याला नाताळाच्या आधी वर्ष भरणार होतं, आणि वर्षाच्या मिस्सेला, तिच्या नावच्या प्रार्थनेला, गावच्या चर्चमध्ये ही धून वाजवीन, असा शब्द त्यानं बायकोला दिला होता.

सांगायचं एवढंच होतं, की सरकार, ही माझ्या गेलेल्या लेकीसाठी आहे. सरकार काही राक्षस नव्हते. पोर तापानं फणफणली तेव्हा त्यांनी आपला वैद्य पाठवला होता. पण खोलीत पाहुणे बसलेले, जो तो धुनीची तारीफ करतोय, आणि पाहुण्यांपुढे चाकरानं घरच्या मर्तिकाचं नाव काढायचं नसतं. शिवाय तारीफ कोणाला नको असते? प्रोकोपच्या ओठावर आलेलं तिथंच राहिलं.

“जी, सरकार,” तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं बायकोला, दोरोताला, समजावलं. नाच वेगळा, मिस्सा वेगळी. नाचाला जलद वाजवू, चर्चमध्ये जशी आहे तशीच वाजेल, धून काय कुठं झिजते का? दोरोता गढीचे कपडे इस्त्री करून दमली होती. तिनं त्याच्यापुढे कोबीची वाटी सरकवली आणि आपण न जेवताच उठली.

संत कातेरिनेचा नाच म्हणजे वर्षातला शेवटचा. त्यानंतर नाताळापर्यंत उपासाचे दिवस, सगळी वाद्यं खुंटीला. त्यामुळे लोक उद्या जग बुडणार असल्यासारखे नाचतात. आनेझ्काची धून सुरू झाली आणि दिवाणखाना नुसता उसळला. पुन्हा वाजव, पुन्हा वाजव, असा गलका झाला. मोलकरणी जिन्यावर नाचल्या, मोतद्दार अंगणात नाचले. आणि खोटं कशाला बोला, प्रोकोपलाही मजा आली. त्याच्या गजाखाली आख्खी गढी फिरत होती. मधेच त्याच्या ध्यानात आलं की इतक्या वेळात आपल्याला पोरीची आठवणच झाली नाही. तरी त्यानं हात थांबवला नाही.

मिस्सेचं ठरवायला तो गेला तेव्हा फादर इग्नात्स यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, ज्या धुनीवर परवा स्वयंपाकघरातल्या पोरी घामाघूम झाल्या, ती मी वेदीपुढे वाजू देऊ? आख्ख्या चर्चचे पाय हलायला लागतील. प्रोकोपनं हातापाया पडून सांगितलं, की नाच मागाहून झाला, आधी ती लेकीसाठीच होती. फादरना ते पटलंही. पण नाचलेली धून देवापुढे चालत नाही, इथं त्यांचाही इलाज नव्हता. दुसरी रच, ते म्हणाले, तू तर बसल्या बैठकीला रचतोस. प्रोकोपनं रचून पाहिलं. काही केल्या सुचेना. मिस्सा झाली ती धुनीविनाच.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी तो दोरोताला न्यायला गढीच्या स्वयंपाकघरात गेला. लांब टेबलाभोवती बायका उशांसाठी हंसांची पिसं काड्यांपासून सोलत बसल्या होत्या. पिसं उडू नयेत म्हणून त्यानं दार हळूच लावून घेतलं आणि भिंतीशी उभा राहिला. तेरेझ्का नावाची एक मोलकरीण मान खाली घालून गुणगुणत होती. तीच धून, नाचातली. तिची बोटंही त्याच वेगानं चालली होती.

“हळू म्हण, पोरी,” दोरोता म्हणाली. “माझी लेक अधू पायाची होती. तिला एवढं पळता यायचं नाही.”

बायकांचे हात थांबले. तेरेझ्काला आधी उलगडाच होईना. मग शेजारणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती गोरीमोरी झाली. तिनं हळू म्हणायचा खरंच प्रयत्न केला. एक ओळ झाली, दुसरीवर अडखळली.

“हळू म्हटलं की पुढचं आठवतच नाही हो, काकू.”

दोरोतानं नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तेच त्याला सोसवेना.

“तुम्ही म्हणा मग,” ती म्हणाली. “आज तिचा दिवस आहे. मला एकदा ऐकवा.”

प्रोकोपनं डोळे मिटले. टेबलाची कड धरून यायची ती. एक पाऊल, मग दम खायची, मग दुसरं. तिला तसं येताना बघतच त्यानं ही धून बांधली होती. तो गाऊ लागला. पहिले सूर बरोबर आले, अगदी तिच्या पावलानं आले. दोरोतानं हातातलं पीस खाली ठेवलं.

मग फरशीवर त्याचा पाय ठेका धरू लागला. त्यानं तो दाबून धरला, तर दुसरा हलू लागला.

दोरोता त्या पायांकडे बघत राहिली.