अठरावं नाव

मुलीची, म्हणजे पूर्वीची, दहावी पुण्यात झाली, त्याच वर्षी कुवेतच्या हर्णै इलेव्हन या क्रिकेट टीममध्ये अक्षय आला आणि तिच्या बापाची, प्रसन्नची झोप उडाली.

क्रिकेट लीगच्या फॉर्मवर अठराच नावं लिहिता येत. अठरा आधीच होती. अक्षय एकोणिसावा. गुरुवारी संध्याकाळी सहाला फॉर्म द्यायचा होता. त्याआधी एक नाव कापायला हवं होतं.

अक्षय साधा खेळाडू नव्हता. महाराष्ट्राच्या तेवीस वर्षांखालच्या संघातून खेळून आलेला. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर म्हणून लागला आणि पहिल्याच महिन्यात तीन टीम त्याच्या मागे लागल्या. झहूरने त्याला पटवलं. झहूर टीमचा कॅप्टन, मूळचा हर्णैचा, शुवैखमध्ये टायरचं दुकान. अक्षयच्या अटी दोनच होत्या. सलामीला तोच जाणार आणि फिरकी तोच टाकणार. झहूर हो म्हणाला आणि सगळी टीम जागेवरून हलली. नऊ वर्षं सलामीला जाणारा हरीश चौथ्या नंबरावर गेला. चौथ्यावरचा सातव्यावर. सातव्यावरचा रागाने व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. प्रसन्न डावखुरी फिरकी टाकायचा. वय सेहेचाळीस. त्याला खाली सरकायला नंबरच नव्हता.

बायको अंजू पूर्वीला घेऊन पुण्याला गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून प्रसन्न सालमियात एकटा राहायचा. रविवार ते गुरुवार बँक. शुक्रवारी मैदान. तो सगळ्यांच्या आधी पोचायचा. सिमेंटच्या पिचवरची वाळू झाडायचा, चटई अंथरायचा, कडेने खिळे ठोकायचा. मग एकेक गाडी यायची आणि कोणीतरी हाक मारायचं. आठवड्यात एवढीच हाक त्याला ऐकू यायची.

बुधवारी त्याने फोनवर अंजूला विचारलं, "मला काढलं तर?"

"तर झोपा की शुक्रवारी," अंजू म्हणाली. "गुडघ्याला पट्टा बांधून कुठला वर्ल्ड कप जिंकायचाय?"

तो हसला. पण फोन ठेवल्यावर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिला.

गुरुवारी बँकेत एकच पत्र त्याने तीनदा वाचलं, तरी डोक्यात शिरेना. चार वाजता साहेबांना सांगून तो निघाला आणि थेट शुवैखला दुकानात गेला. झहूर काउंटरपाशी होता. समोर फॉर्म. हरीश एका टायरवर बसून चहा पीत होता.

"ये प्रसन्न. चहा घेणार?"

"आधी सांगा झहूरभाई, माझं नाव कापलंत का?"

"अजून कुणाचंच नाही."

"बँकवाले, एवढं काय मनाला लावून घेता?" हरीश म्हणाला. "नाव गेलं तर आमचे कोच व्हा. उन्हात पळायचं नाही, नुसत्या शिव्या घालायच्या."

प्रसन्नला हसू आलं नाही. त्याने फॉर्म ओढून घेतला. त्याचं नाव सोळावं होतं. सतरावं कोणाचं ते त्याने पाहिलंही नाही. त्याची नजर अठराव्या नावावर गेली. तल्हा. झहूरचा धाकटा भाऊ. दोन मोसमांत हा माणूस प्रसन्नला एकदाही दिसला नव्हता. मागे एकदा त्याने विचारलं होतं, तेव्हा हरीश एवढंच म्हणाला होता, "त्याचा विषय काढू नकोस." कॅप्टनच्या भावाला कोण बोलणार, असं प्रसन्न तेव्हा धरून चालला होता.

आता त्याला राहवलं नाही.

"हा कधी आलाय मैदानावर?" तो म्हणाला. "एक शुक्रवार? एक तरी? घरचा म्हणून याला कागदावर ठेवायचं आणि खिळे ठोकणाऱ्याला घरी बसवायचं? बोलवा त्याला. उद्या तो येऊन उभा राहिला तर माझं नाव मी स्वतः कापतो."

"प्रसन्न!" हरीश ओरडला. चहा त्याच्या पँटवर सांडला.

"तू गप्प बस," झहूर हरीशला म्हणाला.

त्याने पेन उघडलं. बराच वेळ ते हातात धरून ठेवलं. मग अठराव्या नावावर एक रेघ ओढली, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. शेजारी अक्षयचं नाव लिहिलं.

"बरोबर बोललास तू," तो म्हणाला. "खेळतो त्याचं नाव पाहिजे. उद्या साडेपाचला ये. चटईचा एक कोपरा उसवलाय."

फॉर्म घेऊन तो बाहेर पडला. गाडी सुरू करायला त्याला वेळ लागला.

प्रसन्नने मोठा श्वास सोडला. अंजूला निरोप पाठवला, 'राहिलो.' मग हरीशकडे पाहिलं. हरीश त्याच्याकडे बघत नव्हता.

"चिडलास का? मी चुकीचं काय बोललो?"

"फॉर्म आला की तो आधी ते एक नाव लिहायचा," हरीश म्हणाला. "सगळ्यात खाली. मग वर आपण सतरा जण. दर वर्षी."

"पण मग तो येत का नाही?"

हरीशने कप खाली ठेवला आणि सांगितलं. कडक संचारबंदी होती, झहूरला मातीलाही जाता आलं नव्हतं. तल्हा १८ मे २०२० रोजी, रमजानच्या पंचविसाव्या रोज्याला, कुवेतमध्येच कोरोनाने वारला. वय एकतीस.