अर्धा तास पुढे

शालन स्वतःलाच नोकरीवरून काढल्याचं पत्र टाइप करत होती. ठाण्याच्या त्या ऑफिसात टायपिस्ट ती एकटीच, तेव्हा दुसरं कोण करणार? कारखानीस साहेब मागे उभे राहून मजकूर सांगत होते आणि वर शुद्धलेखनही तपासत होते.

गुन्हा काय, तर तिसरा लेटमार्क. तोही नेमका आज, प्रोबेशनच्या शेवटच्या दिवशी. साडेपाचला ऑफिस सुटेपर्यंत पत्र हातात पडलं नाही, तर ती आपोआप कायम होणार होती. नेमणुकीच्या कागदावर तसं छापलेलंच होतं. ठाकुर्लीला आईने तर पेढेही आणून ठेवले होते.

काल संध्याकाळी कॉम्प्युटरवाल्या पोपटने मोडेम लावून थेट अमेरिकेतल्या मशीनकडून वेळ आणली आणि ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वाटली. म्हणे सेकंदाचा फरक नाही. फक्त वेळ आणणाऱ्या त्या प्रोग्रॅमला अर्धा तास चालत नव्हता. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि प्रोग्रॅममध्ये एकतर पाच टाका नाहीतर सहा. पोपटने विचारलं. साहेब म्हणाले, सहा टाक, माणसाने पुढेच असावं. वर नोटीस लावली, की यापुढे या ऑफिसात कॉम्प्युटर दाखवेल तीच वेळ.

सकाळी शालन नऊच्या ठोक्याला दारात आलेली. हजेरी कॉम्प्युटरवर. त्याने साडेनऊ दाखवले. लेटमार्क सगळ्यांनाच लागले, पण बाकीचे कायम होते, हसून मोकळे झाले. साहेब स्वतः अकराला उगवले, त्यांना कोण विचारतो! शालनला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

साहेबांनी 'खेदपूर्वक' हा शब्द दोनदा काढायला लावला आणि दोनदा परत घालायला लावला. तोवर बाकीचा स्टाफ एकेक करून सटकला होता. शेवटी प्रिंटर करकरला. साहेबांनी सही ठोकून कागद तिच्यापुढे धरला.

शालनने तो घेतला नाही. वरच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरने आपणहून वेळ छापली होती, पाच बेचाळीस. तिने त्यावर बोट ठेवलं.

"ऑफिस सुटलं, साहेब. बारा मिनिटं झाली."

साहेबांनी मनगट तिच्या नाकासमोर नाचवलं. घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. तो डबा गेला खड्ड्यात, खरी वेळ ही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

शालनने पर्स खांद्याला लावली.

"मग साहेब, सकाळी मी वेळेवर आलेले."