पलंगाची तपासणी

पुलाखालची वर्षं मागे टाकून डेल्बर्ट कालच, बेघर माजी सैनिकांसाठी बांधलेल्या वस्तीत, स्वतःच्या एका खोलीच्या घरात राहायला आला होता. वस्ती चालवणारी रोझेटा ही एकेकाळची सार्जंट. ती सकाळी तपासणीला येणार हे कळल्यापासून त्याने धास्ती घेतली होती. घर गेलं तर पुन्हा तोच पूल, एवढंच त्याला उमजत होतं.

ती आली तेव्हा तो पलंगाशेजारी सावधान उभा होता.

"तयार आहे, मॅडम!"

"मॅडम कोणाला म्हणतोस रे? मी ऑफिसर नव्हते, सार्जंट होते, मी कामं करायचे."

चादर किती ताणलीय ते बघायला, लष्करात करतात तसं, तिने खिशातलं नाणं पलंगावर टाकलं. ताणून बसवलेल्या चादरीवरून ते टुणकन उडालं. डेल्बर्टचा चेहरा उजळला.

"नापास," रोझेटा म्हणाली.

तो चादरीवर वाकला. "सुरकुती राहिली का, सार्जंट?"

"एकही नाही. रात्री झोपलास कुठे?"

"खाली, फरशीवर. चादर विस्कटली असती ना."

"मग आता विस्कट. घर कुठे पळून जात नाही, तुझंच आहे. दुपारी पुन्हा बघायला येते."

उन्हं कलली तेव्हा दार वाजलं. डेल्बर्ट दचकून उठला. गालावर उशीचे वळ होते, चादर अर्धी फरशीवर लोळत होती.

"दोन मिनिटं, सार्जंट! आवरतो!"

"खबरदार हात लावलास तर!" बाहेरून रोझेटा ओरडली. "तुझ्यासारखीच फरशीवर झोपून पहिल्या खेपेला नापास झालेली अख्खी वस्ती बघायला आलीये!"