डावी टाच

गाजलेल्या नटीच्या गावातल्या घराचं आता संग्रहालय झालं होतं. काचेच्या कपाटात तिचे नाचाचे पांढरे बूट पाहून म्हातारा मोची थबकला. त्यानंच शिवलेले बूट होते ते. “हेच का ते?” बायकोनं विचारलं. “चाळीस वर्षं तुमच्या थापा ऐकतेय. आज काहीतरी खूण दाखवा!” खूण होती. नटीचा डावा पाय किंचित आखूड होता, म्हणून डाव्या टाचेत त्यानं चामड्याचे दोन थर जास्त घातले होते. “कुणाला सांगायचं नाही हं, दादा,” ती म्हणाली होती, आणि मग पडद्यावर अशी नाचली की सारं गाव वेडं झालं. “खूण कसली? बुटासारखे बूट,” तो म्हणाला. बायकोनं काचेला नाक लावलं. “अहो, डावी टाच उंच दिसते!” “चष्मा बदल तुझा.” तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. “बदलते हो,” ती हळूच म्हणाली.